चारशे तीनमधली अकरा रिळं

बिल्डिंगच्या दारावर लाल रंगाने अरबीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, आत येऊ नये. सगळी बिऱ्हाडं निघून गेली होती. पुढच्या महिन्यात पाडणार, असं नातूर म्हणाला. शारजात वॉचमनला नातूरच म्हणतात. मी त्याला हिंदीत सांगितलं, की मी इथे वाढले, पाचव्या मजल्यावर. एकदा वर जाऊन येते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या लेकीकडे.

"यल्ला, दस मिनट. लिफ्ट बंद है, मॅडम."

इरा बारा वर्षांची आहे. दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या टॉवरमध्ये जिने तिने फक्त फायर ड्रिलच्या दिवशी पाहिलेत. ती मोबाईलचा दिवा लावून माझ्यामागून चढत होती. जिन्यात अजून तोच वास होता, ओल्या सिमेंटचा, हिंगाच्या फोडणीचा, कोणाच्या तरी उदाचा. माणसं जातात आणि वास मागे राहतात, हे मला माहीत नव्हतं.

पाचव्यावर जायचं म्हणून निघाले आणि चौथ्यावर थांबले. चारशे तीनचं दार काढून नेलं होतं. आत डाव्या हाताच्या लहान खोलीत, एसीच्या जागी भिंतीला चौकोनी भोक पडलं होतं आणि त्यातून दुपारचं पांढरं ऊन फरशीवर आलं होतं. त्या खोलीत ऊन मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मम्मा, हू लिव्ड हिअर?"

"माझ्या मिस," मी म्हटलं.

त्या उन्हाळ्यात आई मावशीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. बाबा दुबईत एका कंत्राटदाराच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. सकाळी उजाडता निघायचे, परत येताना शारजाच्या रस्त्यावर दोन-दोन तास अडकायचे. शाळेला सुट्टी. मला एकटीला घरी ठेवायचं कसं, म्हणून बाबांनी खालच्या मजल्यावरच्या मिस एडनाला विचारलं. त्या आमच्या शाळेत नाटक शिकवायच्या, निवृत्त झाल्या होत्या. अमेरिकन. यजमान तेलाच्या कामावर इंजिनियर म्हणून इथे आले, इथेच वारले, आणि त्या मागे राहिल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील. पांढरे केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले, आणि आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं.

त्यांच्या घरात पाऊल टाकलं की मला आईची आठवण यायची. कारण तिथे कापराचा वास होता.

पहिल्या दिवशी मी तो वास शोधत त्या लहान खोलीच्या दारापर्यंत गेले. दार बंद, फटीतून गार वारा. मला वाटलं आत देवघर आहे. मिस एडनांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "शपथ घेशील?" मी गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. त्यांना त्याचा अर्थ कळला नसावा, पण त्यांनी दार उघडलं.

आत लोखंडी मांडणीवर अकरा पत्र्याचे गोल डबे होते. बस. खिडकीला जाड काळा पडदा आणि एसी बारा महिने चालू. एक डबा त्यांनी उघडला. आत काळपट चमकदार फितीचं वेटोळं. "वास घे. काय येतोय?"

"कापूर."

त्या चकित झाल्या. मग हसल्या. "बरोबर. जुन्या फिल्ममध्ये कापूर घालत. तुला कसं कळलं?"

मी त्यांना आरतीबद्दल सांगितलं. आई तबकात कापूर ठेवते, तो पेटतो आणि मागे काहीच उरत नाही. हे ऐकून त्यांनी डब्यावर झाकण लावलं, जरा घाईनेच.

मग सगळा जून महिना मी त्यांच्या घराण्याच्या गोष्टी ऐकल्या. बाहेर हवा अशी, की दार उघडलं तर चष्म्यावर वाफ धरायची. आत एसीची घरघर, कॉफीचा वास, आणि मिस एडनांचा आवाज. त्यांचे आजोबा नाटककार होते. ते स्वयंपाकघरात, कपाटाशी उभे राहून लिहायचे. लिहिलेलं पान आजीच्या हातात द्यायचे. आजी कणीक मळता मळता सगळ्या पात्रांची वाक्यं मोठ्याने वाचायची, आणि जिथे ती अडखळेल तिथे आजोबा काट मारायचे. गावोगाव त्यांची मंडळी फिरायची. प्रत्येक नाटकात शेवटी कोणीतरी मरायचं आणि मरायचं काम आजीकडेच असायचं. "माझ्या आजीइतकं सुंदर कोणी मरत नसे," मिस म्हणायच्या आणि खुर्चीतून हळूच घसरून मला दाखवायच्या. मी टाळ्या वाजवायची.

त्यांचे वडील आणि काका दोघेही नाटकं लिहीत. एकच टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. एकाने बायकांची वाक्यं लिहायची, दुसऱ्याने पुरुषांची. भांडण झालं की नाटकातली माणसंही एकमेकांशी बोलेनाशी होत. मग चित्रपट आला. भावांनी हाताने फिरवायचा कॅमेरा आणला आणि सफरचंदाच्या बागेत आजोबांचंच एक नाटक चित्रित करायला घेतलं. आजोबा भडकले. जत्रेतला खेळ म्हणाले. दोन वर्षं मुलांशी बोलले नाहीत. पुढे एकदा आपणहून आले, मागे खुर्ची टाकून बसले, भिंतीवर चाललेलं चित्र पाहिलं आणि रडले. "माझं एकही वाक्य नाही," म्हणाले, "आणि तरी सगळं कळतंय."

आणि मिस एडनांची आई. तीच नायिका, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कात्रीने फिल्म कापून जोडणारीही तीच. तिच्या केसांना कापराचा वास यायचा. मिस सात वर्षांच्या असताना ती गेली. त्याआधी, शेवटच्या चित्रपटात, नायिका अंगण ओलांडून येते आणि पायरीवर बसलेल्या एका लहान मुलीला उचलून घेते. ती मुलगी म्हणजे मिस. सातव्या डब्यात, अगदी सुरुवातीला. त्यांनी मला ते भिंगातून दाखवलं. बोटभर चौकटीत पांढऱ्या कपड्यातली एक बाई वाकलेली. आणखी कुठेही त्या चित्रपटाची प्रत नव्हती. त्यांच्या आईचं हलतं रूप जगात तेवढंच.

"मग हे असं लपवून का ठेवायचं?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. ही फिल्म जुनी होते तशी आतून कुजते. कुजली की तापते. तापली की कोणी काडी न लावता पेटते, आणि एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. म्हणून गार खोली. विमानात कोणी नेऊ देणार नाही. इथे आणताना घरसामानाच्या पेट्यांत, जहाजातून, काचेच्या भांड्यांची चिठ्ठी लावून त्यांनी ती आणली होती. अमेरिकेतल्या एका संस्थेला त्यांनी पत्रं लिहिली होती. ऑक्टोबरात माणूस पाठवतो, असं उत्तर आलं होतं. "फक्त ऑक्टोबरपर्यंत," त्या म्हणाल्या. "इन्शाल्ला." अमेरिकन जिभेवर तो शब्द विचित्र लागायचा.

मी बारा वर्षांची होते. मला ते सगळं एखाद्या राक्षसाच्या गोष्टीसारखं वाटलं, ज्याला थंडीत झोपवून ठेवायचं आहे.

जुलैत बिल्डिंगची वीज जायला लागली. आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. वीज गेली की सगळ्या एसींची घरघर एकदम थांबायची आणि त्या शांततेने कान दुखायचे. मिस मला बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, बर्फ आणायला पाठवायच्या. आम्ही बर्फाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून डब्यांभोवती रचायचो. पंपही बंद पडायचा, म्हणून बाथरूमच्या टबमध्ये पाणी भरून ठेवलेलं असायचं. वीज आली की मिस भिंतीला टेकून डोळे मिटायच्या.

एका मंगळवारी आम्ही चौथा डबा उघडला. कापूर नव्हता. आंबट, नाकात टोचणारा, ओल्या मोज्यांसारखा वास. फितीवर मधासारखे चिकट थेंब आणि एका कडेला तपकिरी फेस. मी मिसकडे पाहिलं. त्यांनी झाकण लावलं.

"एकच आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचे ठीक आहेत. तू कोणाला सांगणार नाहीस ना?"

मी मान हलवली.

आमचं पाचशे तीन बरोबर त्या खोलीच्या वर होतं. माझा पलंग ज्या फरशीवर होता, तिच्याखाली ते डबे. मी अनवाणी पाय फरशीला टेकवून ती गरम लागते का ते पाहायची. बाजूच्या चारशे दोनमध्ये एका मल्याळी कुटुंबात तान्हं बाळ होतं. ते रडलं की मला बरं वाटायचं, म्हणजे अजून सगळं जागच्या जागी आहे. बाबा जेवताना विचारायचे, "काय गं, गप्प का? आईची आठवण येते?" मी हो म्हणायची. नऊ दिवस मी हो म्हणत राहिले. त्या नऊ दिवसांत मला रोज वाटायचं की उद्या सांगू, आणि रोज मिस दार उघडताना अशा हसायच्या की मी आत जाऊन बसायची.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, इब्राहिमचाचा आले. ते श्रीवर्धनचे, एसीचे मेकॅनिक. सगळ्या बिल्डिंगचे एसी त्यांच्याच हातात असायचे. खोलीतला एसी नीट गार करत नव्हता म्हणून मिसनी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पत्रा उघडला आणि तेवढ्यात वीज गेली. अकरा वाजले, बारा वाजले, वीज नाही. बकाल्यातला बर्फ संपला. मिस एकेका डब्यावर तळवा ठेवत होत्या, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. चौथ्यावर त्यांचा हात थांबला.

"खोलीच तापली आहे," त्या म्हणाल्या.

मी हात लावला. खोली तापली होती हे खरं, पण डबा खोलीपेक्षा गरम होता.

मिसना मराठी येत नव्हतं. मी चाचांकडे पाहिलं, आणि बर्फाबद्दल काही बोलतेय अशा आवाजात म्हटलं, "चाचा, ह्या डब्यांत जुनी फिल्म आहे. तापली की आपोआप पेटते. ही खराब झालीये, नऊ दिवस झाले. मिसनी कोणाला सांगायचं नाही म्हणून सांगितलंय."

चाचांचा चेहरा हलला नाही. वायर गुंडाळत त्यांनी विचारलं, "वरती कोण ऱ्हवतंय?"

"आम्हीच."

"बाजूला?"

"बाळ आहे, चाचा."

"बरं. घाबरू नको गो. घरी जा, बापाला फोन लाव. मी नातूराला सांगतो, सगळ्यांना खाली काढ म्हणून."

मी वळले, तर मिस दारात उभ्या होत्या.

"त्याला काय सांगितलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. "सगळं," मी म्हटलं.

त्या स्टुलावर बसल्या. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "टबात पाणी किती आहे?"

बाबांना फोन करून मी परत खाली धावले. चाचा ओरडले, "खाली जा, खाली!" पण मी जिन्याच्या वळणावर थांबले, तिथून उघड्या दारातून बाथरूम दिसायचं. चाचा ओल्या टॉवेलात एकेक डबा धरून आणत होते आणि पाण्यात सोडत होते. चौथा गेला. पाणी तपकिरी झालं. सहावा. मग सातवा मिसनी स्वतः उचलला, आणि टबाच्या कडेवर ठेवून त्या झाकणाला नख घालायला लागल्या.

"नहीं मॅडम, नहीं खोलना!" चाचा म्हणाले. "बाई, ऐका माझं!"

त्यांनी झाकण काढलं. आंबट वाफ माझ्यापर्यंत आली. वेटोळ्याच्या आत फेस होता, पण वरचे एक-दोन फेर अजून स्वच्छ होते. मिसनी खिशातून कात्री काढली. चाचा त्यांच्यामागे टॉवेल घेऊन उभे, आणि त्या दोन हात भरेल एवढी फीत मोजून कापत होत्या, अजिबात घाई न करता. कात्रीचा तो बारीक आवाज मला ऐकू आला. मग त्यांनी उरलेला सातवा डबा दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. टाकला नाही. ठेवला.

अर्ध्या तासात सगळी बिल्डिंग रस्त्यावर उन्हात उभी होती. बायका घरातल्या कपड्यांत, बाळाच्या डोक्यावर ओलं फडकं. आगीच्या बंबाची माणसं आली. त्यांच्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने मिसना सावलीत खुर्ची दिली, पाण्याची बाटली उघडून हातात दिली आणि म्हणाला, "खलास, मामा. खलास." म्हणजे संपलं, आई, संपलं. बुडवलेले आणि न बुडवलेले सगळे डबे ते घेऊन गेले. काहीही पेटलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ओळसुद्धा आली नाही.

बाबा आले तेव्हा त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. गाडी कुठेतरी सोडून ते शेवटचा रस्ता पळत आले होते. त्यांनी मला जवळ ओढलं. "कधीपासून माहीत होतं?"

"नऊ दिवस."

त्यांनी हात उचलला. आयुष्यात एकदाच उचलला, आणि तोही मारला नाही. माझं तोंड पुसलं. मिसकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुढे दोन महिने मी चौथ्या मजल्यावर थांबले नाही. आई परत आली. मिस अमेरिकेला जाणार, तिकडे पुतणीच्या गावी राहणार, असं कानावर आलं. मी शपथ मोडली होती. त्यांची आई मी पाण्यात बुडवली होती. जिन्यात त्यांच्या दाराशी मी श्वास रोखून पळायची.

एका शुक्रवारी इब्राहिमचाचा आमच्याकडे चहाला आले. बाबांना म्हणाले, "ती फीत त्या बाईला विमानातून न्यायला मिळणार नाही. फ्रीजमध्ये ठेवलीये. दार उघडते नि बघत बसते." बाबांनी चहा संपवला, जेवणाचा डबा घेतला, त्यात बर्फ भरला आणि खाली गेले. मी कठड्यावरून पाहत होते. दार उघडल्यावर त्यांनी नमस्कारही केला नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "द्या. उद्या सकाळी परत आणतो."

निघायच्या सकाळी लिफ्ट बंद होती. बाबा मला घेऊन खाली गेले. मिस रिकाम्या घरात दोन बॅगांशेजारी उभ्या होत्या. त्या माझ्यासमोर वाकल्या.

"मला तुझ्या आधी वास आला होता," त्या म्हणाल्या. "चार दिवस आधी. मला कळलं होतं आणि तरी मी तुला त्या खोलीत बसवत राहिले. तू शेजारी असलीस की मला वाटायचं, काही होणार नाही. तू सांगायला हवं होतंस. मला ते जमलं नाही, म्हणून तुला करावं लागलं."

मी म्हटलं, "इट्स ओके, मिस." दुसरं काय म्हणणार होते? मला फक्त एवढं कळलं की त्या माझ्यावर रागावलेल्या नाहीत.

त्या उभ्या राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या, "मी तुमच्या मुलीला धोक्यात ठेवलं."

"हो," बाबा म्हणाले. "ठेवलंत."

आणि त्यांनी दोन्ही बॅगा उचलल्या. चार मजले.

खाली टॅक्सीशी त्यांनी शर्टाच्या खिशातून एक जाडसर पाकीट काढून मिसना दिलं. शारजातल्याच रोला भागातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडून त्यांनी त्या फितीतली चौकट न् चौकट कागदावर छापून घेतली होती, आणि आपल्या ड्रॉइंगच्या सुरीने सगळ्या एका मापात कापून एका कडेला शिवल्या होत्या. मिसनी तो गठ्ठा उलटसुलट पाहिला. मग अंगठा लावून त्याच्या कडा सोडल्या.

पांढऱ्या कपड्यातली बाई अंगणातून चालत आली, वाकली, आणि तिने मुलीला उचललं.

दोन-तीन सेकंद. मिसनी पुन्हा सुरुवातीपासून अंगठा सोडला. टॅक्सीवाला काचेतून म्हणाला, "चलें, मॅडम?" त्या तिसऱ्यांदा बघत होत्या. बाबा दार धरून उभे राहिले, टॅक्सीवाल्याला हाताने थांब म्हणत, त्यांचं पाहून होईपर्यंत.

नातूराने खालून हाक मारली. इरा त्या उन्हाच्या चौकोनाच्या कडेवर उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, उतरताना जिन्यात, मग गाडीत. इतकं मी तिच्याशी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. आणि सांगता सांगता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच, मला मिस एडनांचा राग आला. कडकडून आला. शेजारच्या सीटवर बारा वर्षांची मुलगी बसली होती. तिचे गुडघे खरचटलेले, बुटाची नाडी सुटलेली. एवढी. एवढ्याशा पोरीला त्यांनी त्या डब्यांशेजारी बसवलं होतं. बाबांचं ते "हो" मला आत्ता ऐकू आलं.

दुबईकडच्या रस्त्यावर नेहमीसारखी कोंडी होती. लाल दिव्यांची रांग हलत नव्हती. इरा खिडकीबाहेर पाहत होती.

"मम्मा, इफ समवन मेड मी प्रॉमिस समथिंग," ती म्हणाली. "शुड आय टेल यू?"

"हो. लगेच."

"इव्हन इफ दे गेट इन ट्रबल?"

"तरीही."

ती नखं कुरतडत होती. ती कधी नखं कुरतडत नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला, पुढे दोन हात जागा झाली होती. मी गाडी हलवली नाही.

"ओके," ती म्हणाली. "देन आय हॅव टु टेल यू समथिंग."

मी हात पुढे करून एसी बंद केला, तिचा एकही शब्द निसटू नये म्हणून.